एका टेस्ट राइडसाठी पाच आठवडे

माझी स्पोर्ट्स बाईक, यामाहा आर6, बारा वर्षं माझ्याकडे होती. सिग्नलला उभा असताना मागून एक गाडी येऊन आदळली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण गाडीची सबफ्रेम (सीटखालचा सांगाडा) आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा भाग) दोन्ही वाकले. विम्याचा सर्व्हेअर आला, टोटल लॉस ठरला, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असं, आणि क्लेम मिळाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळं वेळेवर झालं. सांगायचंय ते नवी गाडी निवडण्याबद्दल, आणि त्यातल्या एका शोरूमने माझे जे पाच शनिवार खाल्ले त्याबद्दल. लिहितानाही राग येतोय.

तशीच आर6 पुन्हा घ्यावी, हा पहिला विचार. पण रस्त्यावर चालवायची आर6 युरोपात 2020 नंतर बंद झाली. पुढे ती फक्त ट्रॅकसाठी विकली जाऊ लागली. जुनी शोधता आली असती, पण बारा वर्षांत माझी मनगटंही बारा वर्षांनी जुनी झाली आहेत. शिवाय आर6ची खरी ताकद दहा हजार आरपीएमच्या वर. रोजच्या रस्त्यावर तिथे पोचायला वाव मिळतोच कुठे? म्हणून चार गाड्यांची यादी केली: यामाहा आर7, होंडा सीबीआर650आर, ट्रायम्फ डेटोना 660 आणि सुझुकी जीएसएक्स-8आर. चारही चालवून बघायच्या आणि मगच पैसे द्यायचे, हे पक्कं होतं.

आर7 सगळ्यात आधी चालवली. 689 सीसी, दोन सिलिंडर. कागदावर 67 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, तोही 6,500 आरपीएमला. माझ्या आर6ला जवळपास तेवढाच टॉर्क होता, पण तो काढायला साधारण चार हजार आरपीएम जास्त लागायचे. हा आकडा मी आधी वाचला होता, तरी त्याचा अर्थ कळला तो पहिल्या चढावर. तिसऱ्या गिअरमध्ये नुसता हात पिळला आणि गाडी निघाली, गिअर पाडावाच लागला नाही. 188 किलो वजन, बारीक टाकी, वळणात पडते ती अगदी मनात आणल्याबरोबर. उतरलो तेव्हा हीच घ्यायची असं ठरवून टाकलं होतं.

बरं झालं की तिथल्या माणसाने विचारलं, "आणखी अर्धा तास हवीय का?" त्या अर्ध्या तासाने निर्णय फिरवला. आर7चं हँडल खाली आहे आणि सीट 835 मिलिमीटरवर. वेगात असताना छातीवर येणारा वारा शरीराचा भार उचलतो, त्यामुळे काही जाणवत नाही. गर्दीत वेग उतरला की तोच भार थेट तळहातांवर येतो. पंचविसाव्या मिनिटाला उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या. दहा मिनिटांच्या फेरीत हे कधीच कळलं नसतं. म्हणून पहिला सल्ला: टेस्ट राइड अर्ध्या तासापेक्षा कमी असेल तर ती फक्त ओळख समजा, तिच्यावर निर्णय घेऊ नका.

सीबीआर आणि डेटोना एकाच आठवड्यात झाल्या. दोन्ही ठिकाणी लायसन्स दाखवलं, सही केली, चावी मिळाली. सीबीआर चार सिलिंडरची, वरच्या आरपीएमला आवाज असा की मला आर6ची फार आठवण आली. 2024पासून त्या गाडीला ई-क्लच मिळतो. लिव्हर जागेवर असतो, पण दाबायची गरज पडत नाही. सिग्नलला डावा हात मांडीवर ठेवून थांबलो आणि तसाच निघालो. पाचव्या मिनिटाला सवय झाली. डेटोनाचं तीन सिलिंडरचं इंजिन मधल्या आरपीएमला फार गोड आहे, तक्रार अशी काही नाही, पण तिच्याशी माझं काही जुळलं नाही. याला कारण देता येत नाही आणि द्यावंही लागू नये.

राहिली चौथी, सुझुकी. ती आसपास एकाच ठिकाणी मिळत होती, तीन-चार कंपन्यांच्या गाड्या एका छताखाली विकणाऱ्या शोरूममध्ये. नाव घेत नाही.

पहिल्या शनिवारी फोन करून, अकराची वेळ घेऊन गेलो. जॅकेट, बूट, ग्लोव्ह्ज, हेल्मेट सगळं स्वतःचं. (हे नेहमी स्वतःचंच न्या. दुसऱ्याच्या बुटात गिअरचा अंदाज येत नाही आणि सैल हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज गाडीचा वाटतो.) डेमो गाडी भिंतीला टेकवून, पुढे पाच गाड्या आडव्या लावलेल्या. त्या हलवायला वीस मिनिटं गेली. चावी फिरवली तर डिस्प्ले लुकलुकला आणि विझला. बॅटरी उतरलेली. टाकीवर धूळ एवढी की सेल्समनने हात ठेवला तिथे पाच बोटं उमटली. "सर, पुढच्या शनिवारी नक्की."

दुसऱ्या शनिवारी बॅटरी चार्ज होती, पण गाडीचा इन्शुरन्स संपला होता. ते मला तिथे पोचल्यावर सांगितलं. सकाळी मी फोन केला होता, तेव्हा "या या, गाडी तयार आहे" म्हणाले होते.

तिसऱ्या शनिवारी फॉर्म पुढे आला. गाडीचं नुकसान झालं तर चालवणारा जबाबदार, हे मला मान्य होतं, इतर तिन्ही ठिकाणी मी तसंच लिहून दिलं होतं. पण तिथे जास्तीत जास्त किती रक्कम भरावी लागेल तो आकडा छापलेला होता. इथे त्या जागी नुसती रेघ. मी म्हटलं, आकडा भरा, मी सही करतो. सेल्समन म्हणाला, "ते मॅनेजर भरतात." मॅनेजर कुठे आहेत? सुट्टीवर. "सगळेच अशी सही करतात, सर, तुम्ही पहिलेच विचारताय." मी नाही केली. कोऱ्या रकमेखाली सही करू नका, गाडी कितीही मनात भरलेली असली तरी. त्या दिवशी परत येताना मात्र मी इतका वैतागलो होतो की सीबीआरवाल्यांना फोन करून रंग कुठले आहेत ते विचारून घेतलं.

चौथ्या शनिवारी मॅनेजर होते, आकडा भरला, चावी मिळाली. आणि अट अशी: सेल्समन स्कूटरवर पुढे, मी मागे. तीन किलोमीटर. दोन सिग्नल, एक उजवं वळण, एक गोल चक्कर, वेग चाळीसच्या पुढे नाही. तीन आठवडे ज्याच्यासाठी थांबलो ते बारा मिनिटांत संपलं. वाईट याचं वाटलं की गाडीच आवडली नाही. हँडल जड. गोल चक्करवर गाडी आत यायलाच तयार नव्हती, सतत आतला हात दाबून धरावा लागत होता, सोडला की ती उभी होऊन बाहेर जायची. 205 किलोची गाडी मला अडीचशे किलोची वाटली. उतरलो तोच सेल्समनने विचारलं, "मग सर, बुकिंग करूया आज? शेवटचीच गाडी आहे." मी आभार मानून निघालो. बाहेर पडल्यावर एक चांगलं केलं, जे मी प्रत्येक राइडनंतर करत होतो: फोनवर दोन मिनिटं बोलून ठेवलं, काय जाणवलं ते. घरी पोचेपर्यंत मन आठवणी बदलतं, म्हणून हे लगेच करायचं.

ते रेकॉर्डिंग मी माझ्या मेकॅनिककाकांना ऐकवलं. बारा वर्षं आर6 त्यांच्याच हाताखाली होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पुढच्या चाकात हवा किती होती, बघितलीस?"

नव्हती बघितली. बारा वर्षं दर रविवारी स्वतःच्या गाडीची हवा बघणाऱ्या मी, महिनाभर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गाडीवर तशीच टांग टाकली होती. काकांनी समजावलं ते असं: पुढची हवा उतरली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग पसरतो, कडा दबतात, आणि वळताना टायर विरोध करतो. हँडल जड लागतं आणि गाडी सरळ व्हायला बघते. "अगदी तू सांगतोयस तसंच. मागचा प्रीलोडही बघ, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा ताण. कुणाचे पाय टेकावेत म्हणून सैल केला असेल तर गाडी मागे बसते, पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, जास्त कलतो, मग वळायला आणखी आळशी होते."

पाचव्या शनिवारी खिशात प्रेशर गेज घेऊन गेलो. मॅनेजरना थेट भेटलो आणि म्हटलं, मला गाडी घ्यायची आहे, पण आधी हवा मोजू द्या. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही. पुढच्या टायरला गेज लावला. काटा 22वर थांबला. मी गेज काढून पुन्हा लावला, पुन्हा 22. टायर थंड असताना पुढे 36 आणि मागे 42 पीएसआय हवं, मागे 30 निघालं. मॅनेजर वाकून बघत होते, काही बोलले नाहीत. प्रीलोड सगळ्यात सैल खाचेवर होता. त्यांच्या वर्कशॉपमधल्या मुलाने माझं वजन विचारून तो मधल्या खाचेवर आणला, हवा भरली, आणि क्लच लिव्हर नि गिअर लिव्हर माझ्या हातापायाच्या मापाने लावून दिले. पंधरा मिनिटांचं काम. त्या मुलाचं मला कौतुक वाटतं, त्याने एकदाही घड्याळ बघितलं नाही.

मग मॅनेजरनी स्कूटर पुढे पाठवली नाही. "चाळीस मिनिटांत या," एवढंच म्हणाले.

तेच गोल चक्कर आधी घेतलं. नजर टाकली तिकडे गाडी गेली. हात सैल सोडला तरी तिने रेषा धरून ठेवली. हेल्मेटमध्ये मी मोठ्याने ओरडलो, हे लिहायला मला संकोच नाही. तीन आठवड्यांत ज्या गाडीला मनातून काढून टाकलं होतं तीच ही. 776 सीसीचं इंजिन, 6,800 आरपीएमला 78 न्यूटन-मीटर, आणि त्याच्या कितीतरी खालीच भरपूर ओढ. हँडल आर7पेक्षा वर आहे, सीट 810 मिलिमीटरवर. अर्धा तास झाला, गर्दीतून गेलो, करंगळी ठीक. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर गाडीसोबतच येतो, वर आणि खाली दोन्हीकडे चालतो, फक्त कमी आरपीएमला थोडा धक्का देतो. पुढच्या फोर्कला काही अ‍ॅडजस्टमेंट नाही, आर7ला आहे. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. मी वर्षातून एखाद्या वेळी जातो.

आणखी तीन गोष्टी आठवल्या, त्या आधीच सांगायला हव्या होत्या. टेस्ट राइडमध्ये एक यू-टर्न हँडल पूर्ण वळवून घ्याच, अरुंद रस्त्यावर. बहुतेक स्पोर्ट्स बाईकचं हँडल कमी वळतं आणि टाकीजवळ अंगठा चिमटतो का ते तिथेच कळतं. दुसरं, इंजिन बंद करून गाडी हाताने मागे ढकलून बघा. रोज पार्किंगमधून काढायची ती आपल्यालाच. आणि आरसे: रोज ज्या वेगाने जाता त्या वेगाला आरशात मागची गाडी ओळखू येते की नुसती थरथरते, ते बघा. सीबीआरच्या आरशात अर्धं माझं कोपरच दिसत होतं.

परत आलो तेव्हा त्रेचाळीस मिनिटं झाली होती. सेल्समन बुकिंगचा फॉर्म घेऊन उभाच होता. मी तो घेतला, बाकावर बसून शब्द न् शब्द वाचला, डिलिव्हरीच्या तारखेची जागा कोरी होती ती त्यांच्याकडून भरून घेतली आणि मगच सही केली. मॅनेजरना सांगितलं, की पहिल्याच शनिवारी कुणी या टायरला गेज लावला असता तर ही गाडी तेव्हाच विकली गेली असती. माझ्याआधी किती जण ती बारा मिनिटं चालवून, गाडीच वाईट म्हणून परत गेले असतील, याचा हिशोब तुमच्याकडे नाही. ते "बघतो" म्हणाले. पुढच्या वेळी तिथून गेलो तर ती डेमो गाडी पुन्हा बघणार आहे, गेज खिशातच असतो.

माझी गाडी मागच्या गुरुवारी मिळाली. ताबा घेताना आधी हवा मोजली: पुढे 36, मागे 42. टायर अजून कोरे आहेत, पहिले दीडेकशे किलोमीटर त्यांच्यावरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत गाडी फार कलवत नाहीये. कालपर्यंत 90 झाले.