नागपुरात खोली कुठं घ्यावी, तुम्ही विचारलंत म्हणून

मार्च-एप्रिल आला, तूर-कापसाचे पैसे हातात आले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या बाजूच्या गावांतून एक तरी बाई घरी येतेच. "ताई, लेकरायले नागपूरले टाकाचं आहे, खोली कोठी घेऊ वं?" मी 2015 ते 2023 दोन लेकरं आणि सासूबाई घेऊन नागपुरात राहिले, हे शेतीसाठी गावातच होते, म्हणून सगळ्यांना वाटतं की मी एका एरियाचं नाव सांगीन आणि काम होईल. पण नाव सांगण्याच्या आधी मी उलटं विचारते, की गावात मागं कोण राहणार आणि ते तुमच्याकडं किती वेळा येणार?

कारण आपल्या खेड्यातलं घर असं शहरात जात नाही, अर्धंच जातं. दोन चुली होतात. पेरणीच्या वेळी नवरा महिनाभर फिरकत नाही, मग एकदम रात्री नऊला ज्वारीचं पोतं आणि भाजीची पिशवी घेऊन उतरतो. म्हणून गावाकडचा रस्ता शहरात ज्या बाजूनं शिरतो त्याच बाजूला घर पहा. आमची एसटी देवळी, वर्धा, बुटीबोरी करत वर्धा रोडनं येते, तर आपल्यासाठी वर्धा रोडची बाजू. अमरावतीकडच्यांनी ती बाजू पहावी, उमरेडकडच्यांनी ती. 2019 ला खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली ती पण याच रोडवरून जाते, मोठीला क्लासला जायला तिचा फार उपयोग झाला.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. भाडं कमी म्हणून आम्ही बेसाच्या पुढं एका नवीन लेआउटमध्ये राहिलो, घर मोठं, हवा छान, अंगण होतं. पण आजूबाजूला निम्मे प्लॉट रिकामे, रस्ता मुरमाचा, लाईटचे खांब उभे पण बल्ब नाही, आणि पाणी बोअरचं, ते एप्रिलमध्ये आटलं की टँकर. शेतात पाडलेले असे लेआउट नियमित करायला 2001 चा गुंठेवारी कायदा आहे, नागपुरात लोक सरळ विचारतात "आर. एल. झालं का?", म्हणजे लेआउट नियमित झाल्याचं पत्र मिळालं का. भाड्यानं राहणाऱ्याला काय करायचं ते, असं मला वाटायचं, पण जिथं ते झालेलं नसतं तिथं नळ, गटार, रस्ता सगळंच मागं पडलेलं असतं आणि ते आपल्याच लेकरांना भोगावं लागतं. मुलगी तेव्हा सहावीत होती. हिवाळ्यात क्लास सुटेपर्यंत अंधार पडायचा, मी रोज त्या मुरमाच्या रस्त्यावर टॉर्च घेऊन उभी राहायची आणि सासूबाई घरात एकट्या. अकरा महिन्यांचा करार संपला त्याच दिवशी सामान हलवलं.

मग खामल्याच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. लहान होत्या, भाडं जास्त, पण गल्लीत पाय ठेवला तेव्हाच मला गावात आल्यासारखं वाटलं. कोपऱ्यावर इस्त्रीवाली बाई दिवसभर उभी, समोर दळण, दोन म्हातारे संध्याकाळी ओट्यावर, आणि पोरं सायकल चालवत असायची. एकदा मी सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेले, तिथं नंबर लागायला उशीर झाला, फोनची बॅटरी गेली, आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये. जीव नुसता थाऱ्यावर नव्हता. आठ वाजता घरी पोचले तर दोन्ही लेकरं इस्त्रीवालीच्या टेबलाजवळ बसून पोहे खात होती, मुलगी गृहपाठ पण करत होती, आणि ती बाई मलाच म्हणते, "काहून एवढी घाबरली वं, मी होतो ना!" तुम्ही मला चांगला एरिया विचारता तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ते टेबल येतं. गेट आणि वॉचमन असलेल्या मोठ्या बिल्डिंगा मी पण पाहिल्या होत्या, वाईट नाहीत, पण वॉचमन तुमच्या लेकराला पोहे देईल का ते कोणी लिहून देत नाही.

म्हणून घर एकदा सकाळी पाहून ॲडव्हान्स देऊ नका. संध्याकाळी सातला त्याच गल्लीत अर्धा तास उभ्या राहा, बायका एकट्या येतात-जातात का, दारू दुकानासमोरून पोरींना जावं लागतं का, सगळं दिसतं. शेजारणीला विचारा नळ किती वाजता येतो, मे महिन्यात पण येतो का, कारण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर पण बादल्याच्या बादल्या पाणी पितो, आणि शेवटच्या मजल्यावर स्लॅबखाली तर कूलर लावूनही दुपारी झोप लागत नाही. म्हातारं माणूस सोबत असेल तर तळमजलाच पाहिजे, पण मग पावसाचं विचारा. 2023 च्या 23 सप्टेंबरला रात्रीतून एवढा पाऊस झाला की अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या बाजूच्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत घरात पाणी शिरलं, लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. नाल्याजवळ घर असेल तर घरमालकाला नाही, किराणावाल्याला विचारा त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं.

लहान लेकराला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळेच्या मोफत जागेवर, पहिलीत टाकायचं असेल तर घर शाळेच्या एक किलोमीटरच्या आत घ्या, आधी त्यांचा नंबर लागतो, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांचा. आणि भाडेकरार रजिस्टर केलेला पाहिजे, तो पण फॉर्म भरायच्या आधीचा, नोटरीवर भागत नाही. आमच्या धाकट्याच्या वेळी आम्हाला हे उशिरा कळलं आणि तो चान्स गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता गावातल्या एकीला या शनिवारी मी स्वतः घेऊन जाते आहे. सकाळच्या एसटीनं निघू, दुपारी नळाचं आणि कूलरचं पाहू, संध्याकाळी सातपर्यंत गल्लीतच थांबू. तिच्या सासूला पण यायला सांगितलं आहे, कारण दिवसभर घरात तर त्याच राहणार आहेत.