मोटर विहिरीवरची नव्हती

मध्यरात्री हेडफोन लावून एक संगीतरचना ऐकायची आणि मनात येणारी चित्रे वहीत लिहायची, अशा माझ्या बैठका चालू आहेत. मागच्या नोंदीत मी मोठ्या समाधानाने लिहिले होते की, फ्रेंच संगीतकार एलियान रादिग यांच्या ‘कैलाशा’ या इलेक्ट्रॉनिक रचनेने मला एक पक्के चित्र दिले आहे: मामाच्या मळ्यातली विहीर आणि रात्रपाळीची वीज आल्यावर काळोखात सुरू झालेली पाण्याची मोटर. सलग अकरा बैठकांच्या नोंदींत ती मोटर आहे. मंगळवारी रात्री दीडच्या सुमारास ध्वनिमुद्रण संपले, हेडफोन कानांवरच राहिला आणि त्या शांततेतही मोटर चालूच राहिली. म्हणजे ती संगीतातली नव्हती; माझ्या उपकरणांतली विजेची गुणगुण होती.

ही गुणगुण नेमकी याच रचनेत इतके दिवस लपून राहिली, याला कारण आहे. रादिग यांनी १९९१ मध्ये पूर्ण केलेली ही कैलास पर्वताभोवतीची काल्पनिक परिक्रमा एआरपी २५०० या सिंथेसायझरच्या लांबच लांब स्वरांवर उभी आहे. तानपुरा जुळवताना दोन तारांत किंचित फरक राहिला की जो हेलकावा ऐकू येतो, तसेच संथ हेलकावे हाच या संगीताचा प्राण आहे. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिचा १०० हर्ट्झचा उपस्वर रचनेतल्या खालच्या स्वरांजवळ आले की त्यांच्यातही तसाच हेलकावा तयार होतो. शिवाय आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात सतत थोडी खालीवर होत असते. ‘मोटर कधी दमते, कधी जोर धरते’ असे मी वहीत चार वेळा लिहिले आहे; त्याचा उगम बहुधा इथेच असावा.

दोष शोधण्यात चार रात्री गेल्या. पंखा, फ्रिज आणि एलईडी दिवे बंद केले, लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवला, केबल बदलल्या. काहीही फरक पडला नाही. बॅटरीवरचा रेकॉर्डर अँपच्या (हेडफोनला आवाज पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) हेडफोन जॅकला जोडून, लॅपटॉपवर काहीही न वाजवता दहा मिनिटे मुद्रित केली आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वारंवारतेचा आलेख काढला, तेव्हा ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर तीन सुळके स्पष्ट दिसले. म्हणजे हे बहुधा ग्राउंड लूप होते: दोन उपकरणांची अर्थिंगे केबलमधूनही जोडली जाऊन तयार झालेले वर्तुळ, ज्यातून विजेची गुणगुण आवाजात शिरते. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने जाड वेष्टनाची महागडी केबल सुचवली, ती या दोषावर निरुपयोगी आहे. दोन उपकरणांतली थेट विद्युतजोडणी तोडणारा स्वस्त आयसोलेटरही मी आणून पाहिला. त्याच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरने गुणगुण घालवली, पण खर्जही खाल्ला आणि खर्ज गेल्यावर या रचनेत ऐकण्यासारखे फारसे उरत नाही. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया कधीही मानू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

खरा दोष स्पीकरमध्ये सापडला, आणि तेही बंद असलेल्या स्पीकरमध्ये. लॅपटॉपमधला डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग संकेतात बदलणाऱ्या डॅकमधून निघणारी दोन फाट्यांची वाय केबल एकीकडे अँपला आणि दुसरीकडे स्पीकरला जाते. रात्री मी स्पीकरचे भिंतीवरचे बटण बंद करतो, पण ते बटण फक्त फेज तोडते, अर्थिंग जोडलेलेच राहते. अँप एका भिंतीच्या बोर्डावर आणि स्पीकर समोरच्या भिंतीच्या बोर्डावर असल्यामुळे दोन अर्थिंगमधला सूक्ष्म प्रवाह केबलच्या जाळीतून वाहत होता. स्पीकरचा प्लग हाताने उपसला, त्या क्षणी खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. आता सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आहेत आणि आलेखातले तिन्ही सुळके तळाच्या खरखरीत बुडाले आहेत.

शुक्रवारी ‘कैलाशा’ पुन्हा ऐकले. पहिली वीस मिनिटे एकही चित्र आले नाही. मग देवळातली मोठी घंटा आली, पण टोल न पडलेली. नुसताच मागे रेंगाळणारा नाद आणि त्या नादाने थरथरणारे समईतले तेल. वहीतली ही सर्वांत स्वच्छ नोंद आहे.

या आठवड्यात सिंथेसायझरवर राग वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेतला मालकंस पुढे न्यायचा होता. तो राग मध्यरात्रीनंतरचाच, म्हणून आपल्या बैठकीला वेळही चपखल बसते. त्यातल्या टीबी-३०३ या बास सिंथेसायझरच्या घसरत्या स्वरांतून ओल्या काचेवर फिरणारे बोट मला आधीच दिसले आहे. पण आता दूषित अकरा बैठका आधी नव्याने कराव्यात, असे ठरवले होते.

हे लिहिता लिहिता मात्र वेगळाच विचार आला. विहिरीवरची मोटर त्याच विजेवर चालते आणि तिची घरघरही १०० हर्ट्झच्या आसपासच असते. म्हणजे कानाने चूक केलीच नव्हती. त्याने आवाज ओळखला आणि त्याचे गाव सांगितले. म्हणून अकरा नोंदी खोडणार नाही, त्यांच्यापुढे फक्त ‘लूप’ असे लिहीन. पुढच्या सहा रात्री स्पीकरचा प्लग लावायचा की काढायचा, हे मला न सांगता धाकटा भाऊ ठरवील आणि आपल्या कागदावर टिपून ठेवील. मी फक्त चित्रे लिहीन आणि सातव्या दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवू. मालकंस तोवर थांबेल.