दोघांचा एक कोयता

त्या रात्री नववीच्या वह्या तपासताना एका ओळीवर मी लाल गोल केला आणि समासात लिहिलं, ‘झाले की घेऊन गेले?’ ओळ अशी होती: ‘दसरा सरला अन् आई-अप्पा कोयता झाले.’

बीड जिल्ह्यातल्या धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात मी मराठी शिकवतो. दिवाळीनंतर वर्ग निम्मा होतो. आईबाप ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात जातात. काही लेकरं त्यांच्याबरोबर, उरलेली आज्जीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात.

जानेवारीत मी रूपांतराची गोष्ट लिहायला दिली होती. अशक्य असं एकच घडेल, बाकी सगळं रोज बघतो तसंच. ‘जाग आली, स्वप्न होतं’ हा शेवट चालणार नाही. काफ्काचंही सांगितलं होतं. त्याच्या कथेतला माणूस सकाळी किडा होऊन उठतो. पण १९१५ मध्ये पुस्तक निघताना त्यानं प्रकाशकाला कळवलं, मुखपृष्ठावर किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका.

बहुतेकांचे गरुड झाले, वाघ झाले. त्यातल्या एकालाही भूक लागली नाही, घरच्यांनी जेवायला हाक मारली नाही.

ती ओळ लिहिणाऱ्या पोरीची गोष्ट मी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मुकादम ओट्यावर बसून उचल मोजतो आणि वहीत लिहितो, ‘एक कोयता’. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयताच म्हणतात, उचलही त्यावरच ठरते. हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकतोय. तिनं तो नुसता खरा धरला. मुकादम वही मिटतो, तेव्हा ओट्यावर माणसं नसतात. आज्जी रडत नाही, कुणाला बोलवत नाही. लुगड्याच्या धडप्यात कोयता गुंडाळते आणि नेहमीसारख्या चार भाकरी, ठेचा बांधून देते. दोघांच्या हिशोबानं. कोयता दिसतो कसा, याबद्दल एक शब्द नाही.

त्या चार भाकरींपाशी मी बराच वेळ थांबलो.

सकाळी वर्गासमोर तिला म्हणालो, “हा गोल माझा चुकला, बाई. वाच.” ती खाली बघत, भरभर वाचत गेली. मागच्या बाकावरच्या पोराचे आईबापही तोडीलाच होते. त्यानं विचारलं, “मग मूठ कोण अन् पातं कोण?”

कुणी हसलं नाही. तिनं विचार केला. “ऊस जाड असला की दोघं बी पातं,” म्हणाली आणि तिथंच उभ्या उभ्या वहीत ते लिहून घेतलं. अशी ओळ मला सुचली नसती.

गोष्टीपुढं दोन पानं कोरी होती. मला राहवलं नाही. “अगं, पण ते परत माणसं कधी होतात?”

“कारखाना चालूच हाय की, सर. हंगाम सरून पट्टा पडल्यावर लिहिते.”