खानदेशातून मॉरिशसला, पक्षी बघायला

खानदेशची काळी जमीन ज्या लाव्ह्याच्या खडकातून झाली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एका उष्णबिंदूवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येत राहतो अशा जागी, उसळला. त्याच उष्णबिंदूनं खूप पुढं मॉरिशस घडवलं. त्यामुळे तिथला दगड अजिंठ्याच्या डोंगरातल्या दगडाच्या भावकीतला. जीवसृष्टी मात्र जगात दुसरीकडे कुठं नाही, आणि मी गेलो ते तिच्यासाठी.

कागदपत्रांचा त्रास नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग आणि खर्चाच्या पैशांचा पुरावा छापून हाताशी ठेवला. भुसावळहून मुंबई, तिथून थेट विमान. घरची केळी, कढीपत्ता, बियाणं सोबत घेऊ नका. ताजी फळं-भाजी आणि रोपं परवान्याशिवाय नेता येत नाहीत. नियम रास्तच आहे. बाहेरून आलेले उंदीर, मांजरं, माकडं आणि चिनी पेरू यांनीच तिथलं जंगल पोखरलं.

सगळ्यात जास्त वेळ ठेवावा तो ईल ओ एग्रेतसाठी. विमानतळाजवळच्या माएबूरहून हे २६ हेक्टरचं बेट होडीनं काही मिनिटांवर आहे. ते स्वतः प्रवाळी चुनखडीचं, लाव्ह्याचं नव्हे. एकट्यानं फिरता येत नाही, गाइडसोबतच जावं लागतं. म्हणून आधी बुकिंग करा आणि सकाळची फेरी घ्या, दुपारी पक्षी सावलीत दडतात. इथले उंदीर संपवल्यावरच गुलाबी कबुतरं सोडता आली. फिकट गुलाबी छाती, तांबूस शेपटी, पायात रंगीत कडी. प्रत्येक पक्ष्याची नोंद त्या कड्यांवरून ठेवतात. मूळची महाकासवं नामशेष झाली. त्यांच्या जागी २०००मध्ये सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाची कासवं आणली. ती आबनूसाची (एबनी) फळं खातात, आणि विष्ठेतून पडलेलं बी चांगलं रुजतं. झाडाखाली तसंच पडलेलं बी फारसं टिकत नाही.

मॉरिशसचा खरूची (केस्ट्रेल, छोटा शिकारी पक्षी) १९७४मध्ये जंगलात अवघे चार उरले होते. तो बघायला माएबूरजवळचं फर्ने खोरं गाठलं. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस उद्यानात पोपटासाठी ल पेत्रँच्या बाजूनं मकाबेची वाट धरावी. उद्यानातल्याच ८२८ मीटरच्या ब्लॅक रिव्हर शिखराचा शेवटचा चढ दोरीला धरून चढायचा आहे; पाऊस झाला असेल तर माती निसरडी होते, तेव्हा खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस, ते टाळा. सप्टेंबर ते डिसेंबर चांगला.