तुम्ही विचारलंत म्हणून: उपास आहे, मग डब्यात बोंबील कसा?

राखेचा बुधवार म्हणजे आम्हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, त्या दिवशी कपाळाला राख लावतात. तेव्हा ऑफिसात दोन प्रश्न ठरलेले. सकाळी, "कपाळाला काळं काय लागलंय?" आणि दुपारी डबा उघडला की, "उपास म्हणालात ना, मग हा बोंबील?" दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, खरा गोंधळ तिथेच आहे.

कॅथलिकांकडे उपास आणि मांसवर्ज हे दोन वेगवेगळे नियम आहेत. उपास म्हणजे जेवणं मोजणं: दिवसातून एकदाच पोटभर, सकाळी आणि रात्री अगदी थोडं, मधे चरणं नाही. सकाळचं आणि रात्रीचं मिळून एका जेवणाइतकं भरू नये. असा सक्तीचा उपास वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तो अठरा पूर्ण झालेल्यांपासून एकोणसाठाव्या वाढदिवसापर्यंत लागू. आजारी, गरोदर, अंगमेहनतीचं काम करणारे यांना सूट. मांसवर्ज मात्र चौदा पूर्ण झाल्यापासून पुढे, वरची वयोमर्यादा नाही. तो या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी.

शेजाऱ्यांच्या उपासात पदार्थ बदलतात, आमच्यात जेवणांची संख्या बदलते. म्हणून कोणी प्रेमाने साबुदाण्याच्या खिचडीची भरलेली बशी पुढे केली, की आमच्या हिशेबात ते एक पूर्ण जेवण झालं. उलट वरण-भाताने उपास मोडत नाही, एकदाच खाल्ला तर.

आता बोंबील. चर्चच्या कायद्यात 'मांस' म्हणजे जमिनीवरच्या प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं. मासे, कोळंबी, खेकडे त्यात येत नाहीत. पोप सहावे पॉल यांनी १९६६मध्ये नियम नव्याने मांडले, त्यात अंडी आणि दुधाचे पदार्थही चालतील असं स्पष्ट आहे. युरोपात पूर्वी अंड्यांनाही बंदी होती. कोंबड्यांना ते ठाऊक नसल्याने चाळीस दिवसांत अंडी साठायची, आणि ईस्टरच्या अंड्यांमागचं एक कारण तेच.

पण हा नियम घडला तिथे मासे मांसापेक्षा साधं जेवण मानलं जायचं. वसई, उत्तन, गोवा इथे तो लावला की शुक्रवारी पापलेट तळून नियम पाळल्याचं समाधान मिळतं. अक्षराने बरोबर, पण मला ते पटत नाही. म्हणूनच आपल्या किनाऱ्यावर कित्येक घरं स्वतःहून पुढे जातात: चाळीसही दिवस मटण-चिकन बंद, दारू बंद, शुक्रवारी मासेही नाहीत. उपवासकाळात लग्नंही शक्यतो धरत नाहीत, म्हणून आधीच्या आठवड्यांत हॉल मिळत नाही. गोव्यातला कार्निव्हलही याच हिशेबाने राखेच्या बुधवारच्या आदल्या शनिवार ते मंगळवार असतो.

चाळीस दिवस म्हणता, मग मोजल्यावर सेहेचाळीस का भरतात? हेही विचारून झालंय. २०२६मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत सेहेचाळीस दिवस, त्यातले सहा रविवार वजा, कारण रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नाही. राहिले चाळीस.

तारीख दरवर्षी हलते ती चंद्रामुळे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून गुड फ्रायडे बहुधा होळीच्या नाहीतर हनुमान जयंतीच्या आगेमागे पडतो. २०२४मध्ये होळीच्या आठवड्यात होता, २०२६मध्ये हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. फक्त चर्च पौर्णिमा स्वतःच्या कोष्टकावरून धरतं, आकाशातली नाही. २०१९मध्ये आकाशातली पौर्णिमा २१ मार्चची, पण कोष्टकात ती २०ची. एका दिवसाने हुकली आणि ईस्टर महिनाभर पुढे, २१ एप्रिलला गेला.

आता कपाळावरचं काळं. ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्यांच्या पात्यांची. लोक वर्षभर ती घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवतात आणि बुधवारच्या आधी चर्चमध्ये आणून देतात. राख करणं दिसतं तेवढं सोपं नाही. आधी टाचण्या, दोरे, रिबिनी काढाव्या लागतात. मग पात्यांमधले हीर काढायचे, कारण त्यांचे कोळशासारखे टणक तुकडे राहतात आणि कपाळाला ओरखडतात. पाती लोखंडी घमेल्यात पेटवायची आणि ज्वाळा बसत आली की वर झाकण ठेवायचं. भरपूर हवा मिळाली तर सगळं जळून करडी-पांढरी राख उरते, ती ना चिकटते ना दिसते. हवा कोंडली की काळी होते. मग खलात घोटायची, पातळ फडक्यातून गाळायची. पात्यांचा ढीग जाळून हाती उरते मूठभर, पण शेकडो कपाळांना काही चमचे पुरतात.

यात सगळ्यात वाईट चूक म्हणजे चिकटावी म्हणून पाणी घालून लगदा करणं. झाडपाल्याच्या राखेत क्षार असतात. पाण्यात त्यांचं दाहक द्रावण होतं आणि कपाळ लाल होतं, कधी कधी फोडही येतात. थेंबभर खोबरेल पुरतं, नाहीतर कोरडीच लावावी.

राख लावणं हा बाप्तिस्म्यासारखा संस्कारविधी नाही, त्यामुळे राख कोणीही घेऊ शकतं, ख्रिस्ती नसलेलेही. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, सक्तीची नाही, तरी गर्दी रविवारपेक्षा जास्त, हे एक कोडंच आहे. राख पुसली तर पाप नाही. इटलीत ती कपाळावर न लावता टाळूवर भुरभुरवतात, पोपही तशीच घेतात.

कॅथलिक मित्राला उपवासकाळात शुक्रवारी जेवायला बोलावणार असाल तर पिठलं-भाकरी करा, अंडाकरीही चालेल. एक अपवाद ध्यानात ठेवा: शुक्रवारी मोठा सोहळादिन, म्हणजे चर्चचा वरच्या दर्जाचा सण, आला तर मांसवर्ज उठतो. १९ मार्च २०२७ शुक्रवार आहे आणि संत जोसेफचा सण. त्या दिवशी मटण केलंत तरी नाही म्हणणार नाही कोणी.