ठिपका नेमका कुठे बसला आहे? छातीचा एचआरसीटी वाचायला शिकताना

बेळगावात रेडिओलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मला सर्वांत जड गेला तो छातीचा एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचे अगदी पातळ छेद दाखवणारा सीटी स्कॅन. फुप्फुसात बारीक ठिपके दिसले की क्षयरोग म्हणायची आपल्याकडे सवय आहे. क्षयरोग खरोखरच पुष्कळ असल्यामुळे ते अनेकदा बरोबरही ठरते. पण ज्यांच्या बाबतीत ते खरे नसते, त्यांचा मोलाचा काळ वाया जातो.

आमच्या मॅडमचा आग्रह असे, की आधी रोगाचे नाव घेऊ नका, जागा सांगा. फुप्फुस एक ते अडीच सेंटीमीटरच्या बहुकोनी लोब्यूलचे, म्हणजे छोट्या कप्प्यांचे, बनलेले असते. प्रत्येकाच्या मध्यभागी बारीक श्वासनलिका आणि धमनी, तर कडेच्या पडद्यांत शिरा आणि लसवाहिन्या असतात. ठिपके मध्यभागी असून फुप्फुसाच्या आवरणापासून थोडे अंतर राखत असतील, तर रोग बहुधा श्वासमार्गाने आलेला असतो. ते आवरणाला आणि फिशरला (फुप्फुसाचे मोठे भाग वेगळे करणाऱ्या फटीला) धरून बसले असतील, तर सार्कॉइडोसिसचा (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होणाऱ्या विकाराचा) विचार करावा लागतो. एकाच मापाचे, कुठलाही क्रम न पाळता सर्वत्र विखुरलेले असतील, तर रक्तावाटे पसरलेला मिलिअरी क्षयरोग आधी आठवावा. हे पाठ व्हायला वेळ लागला नाही. डोळ्यांत बसायला मात्र फार लागला.

एकदा तपासणीच्या चिठ्ठीवर ‘खोकला, धाप, क्षयरोग?’ एवढेच लिहिलेले होते. ठिपके दोन्ही बाजूंना जवळपास सारखे, वरच्या भागात आणि पाठीकडे दाटलेले होते, आणि फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथींभोवती कॅल्शियमची पातळ कड दिसत होती. मी बाहेर जाऊन विचारले, “मामा, काम काय करत होता?”

“उद्यमबागेत, फौंड्रीत. मोल्डिंगला.”

“किती वर्षं?”

“लग्नाच्या आधीपासनं.”

साच्याच्या वाळूतील सिलिकाची धूळ हेच त्याचे उत्तर होते. अहवालात मी सिलिकोसिस प्रथम लिहिला. मात्र सिलिकोसिस असलेल्यांना क्षयरोगाचा धोका अधिक असल्यामुळे थुंकीची तपासणी करावी, असेही नमूद केले.

अथणी-चिकोडीच्या साखरपट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो बुरशी लागलेल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, धुळीचा. तिच्यामुळे होणाऱ्या ॲलर्जिक विकारात बारीक नळ्या अरुंद होऊन हवा अडकते, आणि ती श्वास सोडून काढलेल्या चित्रातच काळ्या चट्ट्यांच्या रूपाने ठळक होते. त्यासाठी आमचे तंत्रज्ञ मराठीत आणि कन्नडमध्ये, दोनदा सूचना देतात. तरीही धाप लागलेल्या माणसाला श्वास पुरता सोडवत नाही, म्हणून मी आधी मुख्य श्वासनलिकेची मागची भिंत पाहतो: ती सपाट झालेली किंवा आत वाकलेली असेल तरच श्वास खरोखर सोडला आहे असे धरतो, नाहीतर तेवढे चित्र पुन्हा काढायला सांगतो.