पाच किलोचं वजन

राजापूर-लांज्याकडच्या एखाद्या वाडीतल्या जुन्या किराणा दुकानात गेलात, तर आधी वजनं बघा. 50 आणि 100 ग्रॅमची हाताळून गुळगुळीत झालेली, 5 किलोचं मात्र कोपऱ्यात गंजत पडलेलं. पोरं मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसं. त्यांना पाव किलो साखर आठवडाभर सहज पुरते.

दुकानदार मरतो तो या पाव किलोत. 50 किलोचं पोतं पाव-पाव किलोने विकायचं म्हणजे 200 वेळा तागडी उचलायची. दर खेपेला पारडं 5 ग्रॅमने झुकलं, तरी पोतं संपेतो किलोभर साखर फुकट गेली. साखरेवर सुटतं तरी किती! पण झुकतं माप दिलं नाही, तर आजी पुडी तिथेच तळहातावर तोलून बघणार.

पुड्याही तेवढ्याच बांधायच्या. कागद वळताना टोकाला दुमड घालायची, नाहीतर साखर वाटभर सांडते. वरची पाती आत मोडायची आणि आढ्याला टांगलेल्या रिळाच्या दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे.

रिकाम्या तागडीचा काटा मधोमध थांबायला हवा. मीठ पारड्याचा पत्रा खातं, ते पारडं हलकं पडतं, मग कुणी त्याला पासंग म्हणून चिंचोका बांधतं. वजनमापाच्या निरीक्षकापुढे तो चालत नाही. लोखंडी वजनाच्या बुडाशी शिसं भरलेलं असतं, त्यावर दर दोन वर्षांनी नवा शिक्का लागतो.

पूर्वी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घरोघर चार महिन्यांचा माल भरला जायचा. आता पावसाळ्यातला दमटपणा एकट्या दुकानानेच सोसायचा. खडेमीठ लाकडी पेटीत, कारण पत्र्याचा डबा गंजून भोकं पडतात. गुळाच्या ढेपा फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. तरी श्रावणात पाझरतातच.

गणपतीला चाकरमानी आले, की 5 किलोचं वजन घासून पुसून पुढे येतं. गंज खरवडला की ते किंचित हलकं होतं. वर्षभराच्या झुकत्या मापाची तेवढीच फेड म्हणायची. रवा मात्र बेताने मागवावा. हल्ली मंडळी मुंबईहून पाकिटं घेऊनच उतरतात. गौरी गेल्या की उरलेल्या रव्याला जाळी धरते, आणि तो चाळून दुकानदाराच्याच घरी शिऱ्याला लागतो.